बेटांवरून वजा

बेटांवरून काय काय गेलं आणि काय जायच्या वाटेवर आहे, त्याची ही अपुरी यादी.

जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरशासकीय संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये एक अहवाल दिला. जगात नामशेष म्हणून नोंदलेल्या प्राणी-वनस्पतींपैकी ६० टक्क्यांच्या अंतामागे बाहेरून आलेल्या आक्रमक जातींचा मोठा हात होता. मुख्यतः त्यांच्यामुळेच ज्या जाती संपल्या, त्यांतल्या ९० टक्के बेटांवरच्या होत्या. बेटावरच्या जिवांनी हजारो पिढ्या मांजर पाहिलेलं नसतं, उंदीर पाहिलेला नसतो. पक्षी उडणं सोडून देतात, जमिनीवर अंडी घालतात. बाहेरचा शिकारी उतरला की पळायचं असतं, हेच त्यांना ठाऊक नसतं.

प्रत्येक नोंदीशेजारी सरकारने काय केलं ते लिहिलं आहे, आणि केव्हा केलं तेही. यादीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना 'केव्हा' हा आहे.

टाकापोरेवाचा रेन

न्यूझीलंडच्या कुक सामुद्रधुनीतलं दीडशे हेक्टरांचं बेट. इंग्रजी नाव स्टीफन्स. १८९४ मध्ये तिथे दीपगृह सुरू झालं. दीपगृहासाठी माणसं आली, माणसांबरोबर मांजरं आली. डेव्हिड लायल नावाच्या साहाय्यक दीपपालाला पक्ष्यांची आवड होती. मांजराने मारून आणलेले इवलेसे, न उडणारे पक्षी त्याने जपून ठेवले आणि जाणकारांकडे पाठवले. लंडनपर्यंत पोचलेल्या त्या नमुन्यांवरून जगाला एक नवी जात कळली. कळेपर्यंत ती संपत आली होती. पुढच्या एक-दोन वर्षांत ती गेलीच.

एकाच मांजराने अख्खी जात संपवली, अशी गोष्ट जगभर सांगितली जाते. ती खरी नाही. मांजरं अनेक होती, आणि मोठ्या भूमीवरून या पक्ष्याला उंदरांनी फार आधीच हुसकून लावलं होतं. हे बेट त्याचा शेवटचा आसरा होतं. बेटावरच्या मांजरांचा बंदोबस्त पूर्ण झाला १९२५ च्या सुमाराला, म्हणजे पक्षी गेल्यावर तीस वर्षांनी. त्याचा फायदा बेटावरच्या तुआतारा या प्राचीन सरड्यासारख्या प्राण्याला झाला. तो आजही तिथे आहे.

तौकिहेपाचे तिघे

हेही न्यूझीलंडचंच, दक्षिण टोकाकडचं बेट. स्थानिक माओरी कुटुंबं दरवर्षी हंगामात तिथे तीती पक्ष्यांची पिल्लं धरायला जातात. १९६४ मध्ये तिथून बातमी आली की झोपड्यांत, जंगलात, जिकडेतिकडे उंदीर झाले आहेत. काही वर्षांपूर्वी एखाद्या बोटीतून ते उतरले असणार.

वन्यजीव खात्यातल्या ब्रायन बेल, डॉन मर्टन यांच्यासारख्या तरुण अधिकाऱ्यांना तातडीने जायचं होतं. काही वरिष्ठ शास्त्रज्ञांचं म्हणणं पडलं की घाई नको, निसर्ग आपला तोल आपण साधेल. अखेर पथक गेलं. तीन जाती हातच्या गेल्या: बुश रेन आणि तिथला स्नाइप हे दोन पक्षी, आणि लांडी शेपटी असलेलं एक मोठं वटवाघूळ. रेन दुसऱ्या बेटावर हलवून पाहिले, ते तगले नाहीत. स्नाइप पिंजऱ्यात मेले. वटवाघूळ १९६७ नंतर कुणाला दिसलेलं नाही.

सॅडलबॅक पक्षी मात्र वाचला. ३६ पक्षी उचलून उंदीर नसलेल्या बेटांवर नेले. दक्षिण न्यूझीलंडचे आजचे सगळे सॅडलबॅक त्या ३६ जणांचे वंशज आहेत. त्या अनुभवानंतर न्यूझीलंडने बेटांवरून उंदीर समूळ काढण्याचं तंत्र उभं केलं. आधी काही हेक्टरांची खडकाळ बेटं घेतली, आणि २००१ मध्ये ११,३०० हेक्टरांचं कॅम्पबेल बेट साफ केलं. १९९३ मध्ये जैवसुरक्षेचा स्वतंत्र कायदा झाला. २०५० पर्यंत अख्ख्या देशातून उंदीर, स्टोट आणि पॉसम घालवायचे, असं सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलं. त्यातला स्टोट हा मुंगसासारखा शिकारी १८८४ पासून सशांवर उतारा म्हणून मुद्दाम आणलेला होता.

ऑकलंडला लेकीकडे निघालेल्या मराठी आईला हे धोरण विमानतळावरच भेटतं. लाडू, मसाला, लोणचं, सुकं खोबरं, जे असेल ते अर्जावर लिहून द्यावं लागतं. न सांगता नेलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. बुटाच्या तळव्याला माती दिसली तर बूट धुवायला घेतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा जाच वाटतो. तौकिहेपाची गोष्ट कळली की वाटत नाही.

गुआमच्या जंगलातले आवाज

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाबरोबर पॅसिफिकमधल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या गुआम बेटावर तपकिरी वृक्षसर्प आला. रात्री फिरणारा, झाडावर चढणारा, अंडी आणि पिल्लं खाणारा. दक्षिणेकडच्या जंगलातले पक्षी आधी कमी झाले, मग मधले, मग उत्तरेचे. कुणाला कीटकनाशकांचा संशय आला, कुणाला रोगाचा. ज्युली सॅव्हिज या संशोधिकेने १९८७ मध्ये सापावर बोट ठेवलं, तोवर घडायचं ते घडून गेलं होतं. जंगलातल्या १२ देशी पक्ष्यांपैकी १० बेटावरून गेले. गुआम फ्लायकॅचर १९८३ मध्ये शेवटचा दिसला.

पक्ष्यांमागोमाग दुसऱ्या गोष्टी बदलल्या. शेजारच्या बेटांच्या तुलनेत गुआमच्या जंगलात कोळ्यांचं प्रमाण हंगामानुसार चाळीस पटींपर्यंत जास्त आढळलं. कोळी खाणारं कुणी उरलं नाही. फळं खाऊन बिया लांब टाकणारे पक्षी गेले, म्हणून कित्येक झाडांची रोपं आईच्या सावलीतच उगवून मरतात. वीजवाहिन्यांवर चढलेल्या सापांमुळे बेटाची वीज पुनःपुन्हा जाते.

अमेरिकेने या एका सापासाठी २००४ मध्ये स्वतंत्र कायदा केला. बंदरावर आणि विमानतळावर बाहेर जाणारा माल शिकवलेली कुत्री हुंगतात, साप हवाईपर्यंत जाऊ नये म्हणून. जंगलातल्या सापांसाठीचा उपाय जवळून बघण्यासारखा आहे. उंदराचं मेलेलं पिल्लू, त्यात ८० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. आपल्या घरातली तापाची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. सापाला तिचा सहावा हिस्सा पुरतो. पिल्लाला पुठ्ठ्याचा तुकडा आणि कागदाची लांब पट्टी बांधतात. हेलिकॉप्टरमधून सोडलं की पट्टी फांद्यांत अडकते आणि आमिष सापाच्या उंचीवर लटकत राहतं. डिसेंबर २०१३ मध्ये अशी २,००० पिल्लं टाकली. एकेका पट्ट्यात साप कमी होतात. अख्ख्या बेटावरून तो अजून गेलेला नाही.

को'को' हा गुआमचा न उडणारा पक्षी पिंजऱ्यात जगवला गेला. आता तो शेजारच्या रोटा आणि कोकोस बेटांवर मोकळा वाढतो. सिहेक हा खंड्या २०२४ मध्ये दूरच्या पाल्मायरा बेटावर सोडला. त्यांचं स्वतःचं बेट अजून त्यांना देता येत नाही.

पार्टुला, आणि जॉर्ज नावाची गोगलगाय

पूर्व आफ्रिकेतली मोठी गोगलगाय माणसांनी हिंदी महासागरातल्या बेटांवर नेली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. तिथून ती देशभर पसरली. जुलै २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने कोवळं सोयाबीन फस्त केलं. आपल्याकडे तिला शंखी गोगलगाय म्हणतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधावर पसरायची, सकाळी खाली गोळा झालेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, असा सल्ला कृषी खात्याने दिला. दुबार पेरणीच्या धास्तीत असलेल्या माणसाने रोज पहाटे पाटीभर गोगलगायी वेचायच्या. बेन्सनच्या बागेची ही फेड मराठवाडा पावणेदोनशे वर्षांनी करत होता.

हीच गोगलगाय पॅसिफिकच्या बेटांवर पिकं खाऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारी शेतीखात्यांनी उतारा शोधला: फ्लोरिडातली, इतर गोगलगायी खाणारी गुलाबी गोगलगाय. हवाईत ती १९५५ मध्ये सोडली, ताहितीत १९७४ मध्ये, मोओरेआत १९७७ मध्ये. तिने मोठ्या गोगलगायीला फारसा हात लावला नाही. झाडांच्या पानांवर राहणाऱ्या, नखाएवढ्या, रंगीत पट्ट्यांच्या देशी गोगलगायी तिला सोप्या पडल्या. मोओरेआच्या जंगलातून पार्टुला गोगलगायी दहा वर्षांत संपल्या. 'पार्टुला टर्जिडा' या जातीची शेवटची गोगलगाय १९९६ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेली. हवाईत 'अकॅटिनेला अपेक्सफुल्व्हा' या जातीचा शेवटचा जीव, जॉर्ज, १ जानेवारी २०१९ ला मेला. तो चौदा वर्षांचा होता आणि त्याला जोडीदार कधी मिळाला नाही.

यादीतली ही नोंद सरकारी हुकमानेच पडली. उतारा म्हणून आणलेला जीव बेटावर काय खाईल, हे आधी पिंजऱ्यात तपासून पाहायला काही महिने लागले असते. आता जगातली प्राणिसंग्रहालयं प्लॅस्टिकच्या डब्यांत वाढवलेल्या पार्टुला पुन्हा ताहिती आणि मोओरेआच्या जंगलात सोडत आहेत. एका जातीचे रानात जन्मलेले जीव २०२४ मध्ये मोओरेआत सापडले. यादीतलं एक नाव पुसलं गेलं, याचा आनंद मोठा आहे.

ख्रिसमस बेटाचं वटवाघूळ

वजन तीन-चार ग्रॅम. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या या बेटावर ते पूर्वी सर्रास दिसायचं. १९९० च्या दशकापासून ते झपाट्याने कमी होत गेलं. दोषी कोण, ते नक्की ठरलं नाही. बाहेरून आलेला लांडगा-साप, पिवळ्या वेड्या मुंग्या, रानमांजरं, मोठी गोम, सगळ्यांवर संशय होता. अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत होते की दोषी नंतर शोधा, आधी काही जोड्या धरून पिंजऱ्यात वाढवा.

२००९ च्या जानेवारीत अंदाज आला की वीसेक वटवाघळं उरली असतील. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने अभ्यास केला. १ जुलैला धरण्याची परवानगी जाहीर झाली. ऑगस्टमध्ये पथक बेटावर पोचलं, जाळी लावली, ध्वनियंत्रं लावली. एकच वटवाघूळ ऐकू येत होतं. ते जाळ्यात आलं नाही. २६ ऑगस्टच्या रात्री त्याचा आवाज शेवटचा नोंदला गेला. २७ ला यंत्र रिकामं होतं. २०१७ मध्ये जात नामशेष म्हणून जाहीर झाली.

या नोंदीत पैशाची अडचण नव्हती आणि ज्ञानाचीही नव्हती. बैठक, अहवाल, शिफारस, मंजुरी या साखळीला जे सहा महिने लागले, ते त्या जातीपाशी नव्हते. जिथे जीव मोजून वीस उरलेत, तिथे परवानगीचे अधिकार आधीच खाली दिलेले असायला हवेत. आगीच्या बंबाला बाहेर पडायला मंत्रालयाची सही लागत नाही.

त्याच बेटाचे निळ्या शेपटीचे सरडे मात्र धरून ठेवले गेले आणि जगले.

मॉरिशसचं अस्सल जंगल

मॉरिशसमध्ये मराठी माणूस एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेला. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या माणसांनी पाय ठेवण्याआधीच डोडो गेला होता. १६६२ नंतर त्याची खात्रीची नोंद नाही. डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून हरणं आणून सोडली होती. डुकरं, माकडं, उंदीर आधीच होते.

आज मूळ दर्जाचं अस्सल जंगल बेटाच्या दोन टक्क्यांहून कमी जागेवर उरलं आहे. बाकीच्या डोंगरांवर लाल पेरू माजला आहे. फळ छोटं, आंबटगोड, लोक हंगामात डोंगरावर जाऊन पिशव्या भरून आणतात. त्या झाडीखाली एबनीचं रोप डोकं वर काढू शकत नाही. आपल्याकडे शेताशिवारात दिसणारा पोपट तिथे पाळीव म्हणून गेला, पिंजऱ्यातून सुटला, आणि मॉरिशसच्या स्वतःच्या एको पोपटाशी झाडांच्या ढोलींवरून भांडू लागला. १९८० च्या दशकात एको पोपट दहा-बारा उरले होते.

मॉरिशसच्या सरकारने आणि तिथल्या वन्यजीव प्रतिष्ठानने चिकाटीने काम केलं. १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान झालं. जंगलाचे छोटे तुकडे कुंपण घालून हरणं-डुकरांपासून तोडले आणि आतला पेरू हाताने उपटला. तो पुन्हा उगवतो, पुन्हा उपटतात. मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरून १९७९ मध्ये बकऱ्या आणि १९८६ मध्ये ससे काढले. तिथला बिळात राहणारा बोआ साप १९७५ नंतर दिसला नाही; त्याच्यासाठी उशीर झाला. दुसरा बोआ वाचला. एको पोपट आता शेकड्यांनी आहेत.

यादीत मुद्दाम घातलेली नावं

काही गोष्टी बेटांवरून सरकारांनी ठरवून वजा केल्या. त्यांचीही नोंद इथेच व्हायला हवी.

गालापागोसच्या इझाबेला, सांतियागो, पिंटा या बेटांवरच्या बकऱ्या. पिंटावर मच्छीमारांनी १९५९ मध्ये तीन सोडल्या, काही वर्षांत त्यांच्या हजारो झाल्या. १९९७ ते २००६ या काळात इक्वाडोरच्या राष्ट्रीय उद्यानाने आणि डार्विन प्रतिष्ठानने १,४०,००० हून जास्त बकऱ्या काढल्या. शेवटच्या काही बकऱ्या सापडेनात, तेव्हा गळ्यात रेडिओपट्टा बांधलेल्या बकऱ्या सोडल्या. बकरीला एकटं राहवत नाही. ती कळप शोधत जाते आणि मागून हेलिकॉप्टर येतं. कळप मारायचा, पट्टेवालीला सोडायचं, ती पुढचा कळप शोधते. क्रूर आहे. पण पिंटाचं कासव, लोनसम जॉर्ज, २४ जून २०१२ ला मेलं तेव्हा त्याच्या जातीचं दुसरं कुणीही जगात उरलं नव्हतं. पिंटावर तीन बकऱ्या उतरल्या त्या दिवशी अडवल्या असत्या, तर तिथल्या हजारो माराव्या लागल्या नसत्या. बकरीवर दया करायची असेल तर ती त्या दिवशी करायला हवी होती.

मॅक्वारी बेटाचे ससे आणि दोन जातींचे उंदीर. आधी मांजरं काढली, ती २००० मध्ये संपली. मग ससे बेसुमार वाढले आणि उतारांवरचं गवत खरवडून गेलं. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने आणि टास्मानियाने मिळून अडीच कोटी डॉलरच्या घरातली योजना आखली आणि उरलेले तिन्ही प्राणी एकत्रच काढले. २०१४ मध्ये बेट मोकळं झालं. एक शत्रू सुटा काढू नये, हा धडा तिथे महागात मिळाला.

लॉर्ड हाउ बेटाचे उंदीर. १९१८ मध्ये 'माकाम्बो' जहाज तिथे खडकाला लागलं आणि उंदीर उतरले. पुढे पाच जातींचे पक्षी गेले. साडेतीनशे वस्तीच्या या बेटावर उंदीरनाशकावरून घराघरांत वाद झाले. २०१५ मध्ये मतदान घेतलं, तेव्हा जेमतेम बावन्न टक्के बाजूने होते. तरी सरकारने लोकांशी बोलणं सोडलं नाही. २०१९ मध्ये मोहीम झाली, २०२१ मध्ये दोन उंदीर पुन्हा सापडले, कुत्री आणून सगळं बेट पुन्हा तपासलं. वूडहेन हा न उडणारा पक्षी आता लोकांच्या अंगणातून पिल्लं घेऊन फिरतो.

अंदमानच्या जंगलाचा तळ

हे आपलं. मराठी पर्यटक श्रीविजयपुरमला, म्हणजे परवापरवापर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहतो आणि बोटीने रॉस बेटावर जातो. त्याचं आजचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. वडाच्या कुळातल्या झाडांच्या मुळांनी कवळलेल्या विटांच्या भिंती, मधल्या हिरवळीवर चितळांचा कळप. चितळ हातातलं खोबरं खातं, मुलं खूश होतात, फोटो निघतात. झाडांकडे बघितलं तर माणसाच्या छातीएवढ्या उंचीखाली कोवळं पान सापडत नाही. मोठं झाड आहे, त्याचं रोप नाही.

चितळ अंदमानचं नाही. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकारीसाठी ते आणलं. तिथे वाघ-बिबळे नाहीत. चितळ पोहतं, एका बेटावरून दुसऱ्यावर जातं. जिथे ते दाट झालं, तिथल्या जंगलातला खालचा थर विरळ होतो, आणि त्या थरात राहणारे सरडे लक्षणीय घटतात, असं संशोधकांनी मोजून दाखवलं आहे. इंटरव्ह्यू बेटावर लाकडाच्या कंपनीने १९६२ च्या सुमारास गाशा गुंडाळला आणि चाळीसेक हत्ती मागे सोडून दिले. त्यांनी वेत, केवडा आणि झाडांच्या साली फस्त केल्या. शंखी गोगलगाय जपानी ताब्याच्या काळात आली.

सगळ्यात ताजा पाहुणा म्हणजे आपला मोठा पिवळा बेडूक. गोव्यात आणि कोकणात पहिल्या पावसात तो पिवळाधमक होऊन डबक्यात उतरतो, गालाखाली निळे फुगे फुगवतो. गोव्यात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणून चोरून मारतात आणि वनखातं रात्री गस्त घालून त्याला वाचवायला बघतं. तिथे त्याला वाचवायलाच हवं. अंदमानात तोच बेडूक या शतकात, बहुधा मत्स्यबीजाबरोबर, पोचला आणि बेटामागून बेट घेत गेला. त्याचे बेडूकमासे मांसाहारी असतात. एका भांड्यात ठेवून पाहिलं तेव्हा त्यांनी अंदमानच्या देशी बेडकांचे बेडूकमासे खाऊन टाकले. मोठा बेडूक सरडे गिळतो, कोंबडीची पिल्लंही गिळतो.

एका व्याख्येतून सुटलेलं

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. आक्रमक परक्या जातींसाठी त्यात पहिल्यांदाच ६२अ हे कलम आलं. अशा जातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि फैलाव यांवर केंद्र सरकार बंदी घालू शकतं, त्या जप्त करून नष्टही करू शकतं. कलम चांगलं आहे. पण व्याख्येत 'भारतात मूळची नसलेली' जात असं म्हटलं आहे.

त्या शब्दांतून चितळ सुटलं, हत्ती सुटला, पिवळा बेडूक सुटला. अंदमानला सगळ्यात जास्त पोखरणारे जीव भारताचे नागरिक आहेत. चेन्नईहून निघालेलं जहाज कायद्याच्या नजरेत घरातल्या घरात फिरतं. त्यात आलेलं मत्स्यबीज, कुंडीतली माती, गुरांचा चारा या सगळ्यांना बेटावर उतरायची मोकळीक आहे. भारताची सीमा बेटाच्या दृष्टीने फार लांबची रेघ आहे. अंदमानची खरी सीमा म्हणजे त्याचा किनारा. निकोबारची सीमा वेगळी, नारकोंडमची त्याहून वेगळी.

नारकोंडमचं उदाहरण धीर देणारं आहे. अवघ्या सात चौरस किलोमीटरच्या त्या बेटावरचा धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. तिथल्या पोलीस चौकीबरोबर बकऱ्या गेल्या आणि रोपं खाऊ लागल्या. अभ्यासकांनी सांगितलं, बकऱ्या हटवल्या गेल्या. धनेश आहे.

ग्रेट निकोबारच्या गलाथिया खाडीत मोठं मालवाहू बंदर होऊ घातलं आहे. जगभरची जहाजं तिथे कंटेनर बदलतील. बंदर झाल्यावर कुत्री नेमणं, समिती नेमणं, कायदा करणं म्हणजे गुआमच्या वाटेने जाणं. तपासणीची माणसं, उंदरांचे सापळे, माल उतरवण्याचे नियम पहिलं जहाज लागायच्या आधी उभे राहिले पाहिजेत. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या जागतिक करारात, आक्रमक जातींचं येणं आणि रुजणं २०३० पर्यंत निम्म्याने कमी करायचं आणि बेटांसारख्या जागांना अग्रक्रम द्यायचा, असं ठरलं. भारत त्यात आहे.

चितळासाठी वाट कायद्यातच आहे. एखादा प्राणी ठरावीक भागापुरता, ठरावीक काळापुरता उपद्रवी जाहीर करण्याची तरतूद कलम ६२ मध्ये आधीपासून आहे. २०१६ मध्ये शिमल्याच्या माकडांसाठी ती वापरली गेली. पण एकेका प्राण्यासाठी एकेक अधिसूचना पुरणार नाही. व्याख्येत पाच शब्द घालावे लागतील: 'किंवा त्या बेटावर मूळची नसलेली'.

नारकोंडमचा धनेश, अंदमानची हिरवी पाल, निकोबारचा पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी उबवणारा मेगापोड, अंदमानचे झाडावरचे बेडूक. हे सगळे आज जिवंत आहेत आणि त्यांना वाचवायला काय करावं लागतं, ते जगातल्या दहा बेटांनी जीव गमावून आपल्याला शिकवून ठेवलं आहे. त्या शिकवणीला आपल्याला एकही जीव मोजावा लागलेला नाही. व्याख्या दुरुस्त करायला संसदेचं एक अधिवेशन पुरतं, आणि ते याच वर्षी झालं पाहिजे.